बोटीची बॅटरी सारखी उतरते? नवीन घ्यायच्या आधी एवढं तपासून बघा

आमची बोट हर्णैची. संध्याकाळी जाळं सोडायचं, इंजिन बंद करायचं आणि रात्रभर दिवे लावून बसायचं, असा आमचा धंदा. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमधे २५ वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाण्यात पहाटे चारला तांडेलने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) मारला आणि नुसतं टक् टक् टक्. दिवे पिवळे पडलेले, वायरलेसचं बटण दाबलं की तो बंद व्हायचा. बॅटरी फक्त सात महिन्यांची होती. बाजूच्या बोटीने अंगाला बोट लावून स्वतःची बॅटरी उचलून दिली म्हणून आम्ही त्या दिवशी बंदरात आलो. मग दुकानात नेली, तिथे सांगितलं बॅटरी गेली, नवीन टाका. टाकली. ती पण डिसेंबरात गेली.

दोष बॅटरीचा नव्हताच. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं मशीन, ज्याला बरेच जण अजून डायनामोच म्हणतात, तो पण चांगला होता. खरा दोष सापडायला मला अख्खा सीझन गेला, आणि त्या नादात जे शिकलो ते इथे लिहितोय, कारण आता बरीच पोरं नवीन बोटी घेतायत आणि प्रत्येक जण तेच करतोय, आधी बॅटरी बदलतो, मग डायनामो बदलतो, आणि वायरीला कोणी हातच लावत नाही.

खालचे सगळे आकडे १२ व्होल्टचे आहेत. तुमची बोट २४ व्होल्टवर असेल, म्हणजे दोन बॅटऱ्या सिरीजमधे, तर व्होल्टचे आकडे दुप्पट करा.

लागणारं सामान

- डिजिटल मल्टीमीटर. साधा चालतो, पण वायरी धड असलेला.
- डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर. इथे फसू नका, बाजारात स्वस्तातले क्लॅम्प मीटर बहुतेक फक्त एसी अँपिअर मोजतात, ते बॅटरीच्या वायरीवर लावले की शून्य दाखवतात आणि आपल्याला वाटतं चार्जिंगच होत नाही. घेताना डीसी अँपिअर लिहिलंय का ते बघून घ्या.
- हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याची बॅटरी असेल तर ॲसिडची घनता बघायची काचेची पिचकारी.
- पाने, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, डिस्टिल्ड वॉटर, खायचा सोडा, व्हॅसलिन.
- वही आणि पेन. मोजलेला प्रत्येक आकडा तारखेसकट लिहायचा.
- अल्टरनेटरवरच्या लेबलचा फोटो, बॅटरीचं बिल आणि वॉरंटी कार्ड. समुद्रावर लेबल वर्षभरात उडतं, म्हणून फोटो आधीच काढून ठेवा.

आणि हात घालायच्या आधी घड्याळ, अंगठी, कडं काढा. बॅटरीच्या प्लसवर पाना लावलाय आणि हातातलं कडं इंजिनाला टेकलं तर ते क्षणात लाल होतं. वायर काढताना आधी मायनस काढायची, लावताना मायनस शेवटी. बॅटरीच्या पेटीजवळ विडी-सिगरेट नाही, चार्ज होताना हायड्रोजन निघतो. पेटीला हवा जायला जागा ठेवा. स्वयंपाकाचा गॅस बोटीवर असेल तर तो हवेपेक्षा जड, गळला तर खाली तळाला जाऊन बसतो, म्हणून ठिणगी उडेल असं काम करायच्या आधी खालचा भाग उघडून वारा खेळू द्या.

१. आधी बॅटरी, इंजिन बंद असताना

रात्रभर काहीही चालू न ठेवता, किंवा निदान तीन-चार तास शांत ठेवून, बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा. टोक म्हणजे शिशाचा खांब, त्याच्यावरची क्लिप नव्हे.

१२.७ म्हणजे भरलेली. १२.४ ला पाऊण, १२.२ ला अर्धी, १२.० ला पाव, आणि ११.८ ला संपली. बरेच जण १२.१ बघून खूश होतात की बारा तर आहे. ती अर्ध्याहून रिकामी आहे.

पाण्याची बॅटरी असेल तर सहाही घरांत (सेलमधे) हायड्रोमीटर बुडवा. भरलेल्या बॅटरीत साधारण १.२४० ते १.२६० यायला पाहिजे. पाच घरं १.२३० आणि एक घर १.१६० असं आलं तर ते घर मेलंय, ही बॅटरी कितीही चार्ज केली तरी उपयोग नाही. सगळीच घरं सारखी खाली असतील तर मात्र बॅटरीला दोष देऊ नका, ती उपाशी आहे. माझ्या दोन्ही ‘गेलेल्या’ बॅटऱ्यांची सगळी घरं सारखीच खाली होती, तेव्हा हे बघायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पाणी कमी असेल तर डिस्टिल्डच घाला. एसीतून गळणारं पाणी चालतं असं खूप लोक सांगतात, त्यात कॉइलवरची धूळ आणि धातू येतो, नका घालू. ॲसिड तर अजिबात नाही.

शेवटी सेल्फ मारताना मीटरकडे बघा. १० व्होल्टच्या खाली जात असेल तर एक तर बॅटरी अशक्त आहे नाहीतर सेल्फ जास्त करंट ओढतोय.

२. इंजिन चालू करून बघा

इंजिन चालू करा, आयडलच्या थोडं वर न्या, १२००-१४०० आरपीएम, आणि दिवे-बिवे सगळं लावा. पुन्हा बॅटरीच्या टोकांवर मीटर.

१३.८ ते १४.४ आलं तर चार्जिंग होतंय. १३.२ च्या खाली असेल तर कुठेतरी अडकलंय. १४.८ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर, ज्याला जुने वायरमन कटआउट म्हणतात, तो गेलाय, बॅटरी उकळेल आणि पाणी सारखं कमी होईल.

एक गोष्ट लक्षात ठेवा, बॅटरी अगदी रिकामी असेल तर पहिली वीस-तीस मिनिटं व्होल्टेज खालीच दिसणार, कारण अल्टरनेटर देतोय ते सगळं ती पितेय. तेव्हा क्लॅम्प मीटरने अँपिअर बघा. अँपिअर चांगले जात असतील तर घाई करू नका.

इथे सगळ्यात मोठा धोका सांगतो. गॅरेजमधे ‘डायनामो चेक’ करायची जुनी पद्धत आहे, इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची, इंजिन किंवा दिवे चालू राहिले तर डायनामो ओके. हे कोणालाही करू देऊ नका. जुन्या डीसी डायनामोला ते चालून जायचं, आताच्या अल्टरनेटरची बॅटरी चालू इंजिनात सुटली की व्होल्टेज एकदम उसळी मारतं आणि डायोड (अल्टरनेटरमधला एसी करंट डीसी करणारे भाग) जातात, सोबत जीपीएस, फिशफाइंडर आणि वायरलेस पण जाऊ शकतो. चालू इंजिनात मेन स्विच फिरवायचा नाही, हे पण त्याच कारणाने. आमच्या बोटीवर मेन स्विचच्या बाजूला लाल रंगात मोठं लिहून ठेवलंय.

३. पट्टा

हे पाच मिनिटांचं काम. इंजिन बंद करून पट्ट्याच्या सगळ्यात लांब भागाच्या मधोमध अंगठ्याने दाबा, १०-१२ मिलिमीटर आत जायला पाहिजे. पुलीजवळ काळी भुकटी दिसली तर पट्टा घसरतोय किंवा दोन पुल्या एका रेषेत नाहीत, सरळ पट्टी लावून बघा. फार ताणू पण नका, बेअरिंग जातं.

आणि वर बघा. समुद्राच्या पाण्याचा पंप अल्टरनेटरच्या वर असेल आणि त्याचं सील गळत असेल तर खारं पाणी थेंब थेंब थेट अल्टरनेटरवर पडतं. आधी सील बदला.

४. वायर आणि लग, इथेच बहुतेकांचा घोळ असतो

ही स्टेप कोणी करत नाही म्हणून जरा लांब लिहितो. लग म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली, बोल्टखाली लावायची धातूची कडी.

इंजिन चालू, दिवे सगळे लावलेले. मीटर डीसी व्होल्टवर. लाल सुई अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर, म्हणजे बी प्लसवर, आणि काळी सुई बॅटरीच्या प्लसवर. जो आकडा येईल तेवढं व्होल्टेज त्या वायरीत वाया जातंय. ०.२ पर्यंत ठीक. मग लाल सुई अल्टरनेटरच्या अंगावर, रंग खरवडून, आणि काळी बॅटरीच्या मायनसवर. इथेही ०.२ च्या आतच पाहिजे.

माझ्याकडे अल्टरनेटरवर १४.३ होते आणि बॅटरीवर १३.१. प्लसच्या वायरीत ०.३ आणि मायनसकडे ०.९. म्हणजे अल्टरनेटर बिचारा पूर्ण देत होता आणि बॅटरीपर्यंत पोचतच नव्हतं. १३.१ वर बॅटरी कधीच भरत नाही, नुसती तरंगत राहते.

मायनसची ती वायर इंजिनच्या पायाजवळ बोल्टला लावलेली होती, वरून बघितलं तर लग चकचकीत, वर काळी हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवलेली, कोणीही म्हणेल चांगली आहे. ब्लेडने ती श्रिंक उभी चिरली. आत तांब्याच्या तारा आधी काळ्या आणि मग लगच्या तोंडाशी हिरव्या, बोटाने दाबल्या तर त्यांची पूड होऊन खाली पडली. मधल्या सात-आठ तारा तेवढ्या लाल होत्या, त्यांच्यावर अख्खी बोट चालत होती. लगच्या उघड्या टोकातून खारी हवा आत जाते आणि तांब्यातून वर चढते, बाहेरून काही कळत नाही. वीतभर मागे कापली तरी तार काळीच, हातभर मागे गेल्यावर लाल तांबं लागलं. मग अख्खी वायरच बदलली.

नवीन वायर करताना:

- वायर कथिल चढवलेल्या तांब्याची घ्या, टिन्ड कॉपर म्हणून मागा. महाग पडते पण साध्या तांब्यापेक्षा खूप टिकते.
- लग पण टिन्ड आणि दाबायला योग्य मापाचं क्रिंपिंग टूल. हातोडी मारून बसवलेला लग सहा महिन्यांत सैल होतो. नुसता सोल्डर करून सोडू नका, गरम झाला की सुटतो आणि हादऱ्याने तिथेच तुटतो.
- हीट श्रिंक आतून गोंद असलेलीच. गरम केल्यावर कडेने गोंद बाहेर आलेला दिसला पाहिजे, म्हणजे तोंड बंद झालं.
- जाडी. अल्टरनेटर ते बॅटरी ३ मीटर, म्हणजे जाऊन येऊन ६ मीटर असेल आणि ७० अँपिअर जात असतील तर १६ स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटरच्या) वायरीत जवळजवळ अर्धा व्होल्ट जातो, ३५ स्क्वेअरमधे पाव व्होल्टच्या आत. प्लस आणि मायनस दोन्ही सारख्याच जाडीच्या.
- फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज वायर वाचवायला असतो, त्यामुळे तो वायरीच्या ताकदीप्रमाणे निवडायचा आणि अल्टरनेटरच्या आकड्यापेक्षा थोडा वर. सेल्फची जाड वायर वेगळी.

जुन्या टोकांवर पांढरी-निळी बुरशी असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, सोडा घरांच्या आत जाऊ देऊ नका, कोरडं करून घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलिन. आधी व्हॅसलिन आणि मग क्लिप असं नको.

५. आता अल्टरनेटर

वायरी चांगल्या आणि तरीही बी प्लसवरच व्होल्टेज नाही, तेव्हाच अल्टरनेटर उघडायचा.

पहिलं, चार्जिंगचा लाल दिवा. चावी लावली की तो पेटायला पाहिजे आणि इंजिन सुरू झालं की विझायला पाहिजे. चावी लावल्यावर पेटतच नसेल तर बल्ब उडालाय किंवा डी प्लसची, म्हणजे त्या दिव्यापासून अल्टरनेटरला जाणारी, बारीक वायर तुटलीय. बहुतेक अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो. बल्ब नाही तर अल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा एकदा जोरात रेस दिल्यावर होतो. एवढ्याशा बल्बसाठी अल्टरनेटर बदललेले लोक मला माहीत आहेत.

अल्टरनेटरच्या आतले कार्बन (ब्रश) झिजले असतील तर चार्जिंग मधेच येतं मधेच जातं. स्वस्त काम आहे, कार्बन आणि बेअरिंग एकदमच बदला.

डायोड बघायला मीटर एसी व्होल्टवर करून चालू इंजिनात बॅटरीच्या टोकांवर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर डायोड गेलाय. वायरलेसमधे इंजिनच्या वेगाप्रमाणे चढणारी शिट्टी येत असेल तर तो पण याचाच इशारा. आणखी एक, पहाटे इंजिन थंडगार असताना अल्टरनेटरला हात लावा. तो कोमट लागला तर रात्रभर डायोडमधून उलटा करंट जाऊन बॅटरी तोच खातोय.

६. मोठा अल्टरनेटर घ्यायच्या आधी रात्रीचा हिशेब

वायर बदलल्यावर चार्जिंग सुधारलं तरी तिसऱ्या रात्री बॅटरी मंदावायची. तेव्हा कागद घेऊन बसलो. एलईडी दिवे ४ अँपिअर, नेव्हिगेशनचे दिवे २, जीपीएस आणि फिशफाइंडर मिळून दीड, वायरलेस नुसता ऐकत असताना अर्धा, चार जणांचे मोबाईल १. झाले ९. दहा तास म्हणजे ९० अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास). बॅटरी १५० ची, आणि साधी बॅटरी अर्ध्याखाली नेली की तिचं आयुष्य कमी होतं, म्हणजे वापरायला ७५. तिथेच १५ कमी.

आता भरणा. जुना अल्टरनेटर ३५ अँपिअरचा. लेबलवरचा आकडा हा अल्टरनेटर जोरात फिरताना आणि थंड असतानाचा असतो. आमच्या इंजिनची पुली १६० मिलिमीटर, अल्टरनेटरची ८०, म्हणजे इंजिन १४०० वर असताना अल्टरनेटर २८०० वर. गरम झाल्यावर त्या वेगाला क्लॅम्प मीटरवर २५ आले. त्यातले ९ तर दिवे आणि मशीनच खातात, बॅटरीत गेले १६. जाता-येता मिळून चार तास इंजिन म्हणजे ६४. रोज ९० काढायचे आणि ६४ भरायचे. तीन दिवसांची फेरी असेल तर तिसऱ्या पहाटे सेल्फ लागणारच नाही, यात नवल काही नाही.

हा हिशेब प्रत्येकाने स्वतःच्या बोटीचा करायचा. कधीकधी दोन दिवे कमी केले तरी भागतं.

७. अपग्रेड करायचाच तर

किती मोठा? पाण्याची बॅटरी तिच्या अँपिअर-अवरच्या साधारण पाव भागापेक्षा जास्त करंट धड घेत नाही, आणि शेवटचे वीस टक्के भरायला तर तासन्‌तास लागतात, तिथे अल्टरनेटर कितीही मोठा असला तरी फरक नाही. १५० च्या दोन बॅटऱ्या असतील तर ७०-७५ चा अल्टरनेटर बास.

एकाच साध्या व्ही पट्ट्यावर ७०-८० च्या वर जाऊ नका, घसरतो. १०० चा पूर्ण ताकदीने चालला तर इंजिनकडून तीन-साडेतीन हॉर्सपॉवर खेचतो, त्याला दोन पट्टे किंवा रिब असलेला चपटा पट्टा लागतो. पाय, बोल्टचं अंतर, पुलीची रेषा, पंख्याची फिरायची दिशा आणि आरपीएम मीटर चालत असेल तर डब्ल्यू टर्मिनल, हे सगळं जुळतंय का ते जुना काढून बाजूला ठेवून बघा. आणि मोठा अल्टरनेटर जुन्या वायरीवर कधीच नाही, वायर तापून आग लागते.

रेग्युलेटर १४.४ वर लावलेला असेल तर आपल्याकडे इंजिनच्या खोलीत ४५ डिग्री असतं तेव्हा ते बॅटरीला जास्त होतं. गरम बॅटरीला व्होल्टेज कमी लागतं. शक्य असेल तर बॅटरीची पेटी इंजिनपासून लांब न्या, नाहीतर बॅटरीचं तापमान बघणारा बाहेरचा रेग्युलेटर लावा.

८. सेल्फची बॅटरी वेगळी ठेवा

मला विचाराल तर पैसे कमी असतील तर मोठा अल्टरनेटर राहू दे, आधी हे करा. एक बॅटरी फक्त सेल्फला, दुसरी दिवे आणि मशीनला. मधे व्होल्टेज बघणारा रिले, व्हीएसआर. चार्जिंग सुरू होऊन १३.३ च्या आसपास गेलं की तो दोन्ही जोडतो, इंजिन बंद होऊन १२.८ झालं की तोडतो. रात्री दिव्यांनी एक बॅटरी संपवली तरी सकाळी इंजिन लागतं. याच कामाला मिळणारा डायोडवाला आयसोलेटर घेऊ नका, त्यात ०.६-०.७ व्होल्ट जातात, म्हणजे जे वायर बदलून कमावलं ते तिथे घालवायचं. बिल्ज पंपाला, म्हणजे तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाला, मात्र मेन स्विचच्या आधीच थेट बॅटरीवरून वेगळा फ्यूज देऊन वायर द्या, बोट नांगरावर एकटी असते तेव्हा तोच जागा असतो.

केबिनच्या छपरावर १०० वॉटचं सोलर पॅनेल लावलं तर चांगल्या उन्हात पाच अँपिअर तरी येतात. नांगरावर उभ्या बोटीला ते फार कामाचं.

९. लिथियम

दुकानदार सांगतात नुसती बदला. नाही. लिथियम बॅटरी शेवटपर्यंत करंट ओढत राहते, साधा अल्टरनेटर तास-दोन तास पूर्ण ताकदीने चालून जळतो. शिवाय तिच्या आतलं बीएमएस (बॅटरीला सांभाळणारं सर्किट) भरल्यावर एकदम तोडतं आणि मग तीच चालू इंजिनात वायर काढल्यासारखी गत. घ्यायचीच तर मधे डीसी टू डीसी चार्जर (अल्टरनेटरवरचा ओढा मर्यादेत ठेवणारा), आणि सेल्फला साधीच बॅटरी.

१०. बंदीचे दोन महिने

१ जूनला पावसाळी मासेमारीची बंदी लागली, बोट आंजर्ल्याच्या खाडीत गेली किंवा वर ओढली, की बॅटऱ्या घरी आणा. पूर्ण चार्ज करून कोरड्या जागी ठेवा आणि महिन्याने परत एकदा चार्ज करा. अर्धी रिकामी ठेवलेली बॅटरी जुलैपर्यंत आतून पांढरी पडते, मग ती भरत नाही. अल्टरनेटरवर ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. बोट वर आहे तोवर तळाच्या पाण्यात बुडणाऱ्या वायरींचे जोड पण बघून घ्या, तिथे प्लसची गळती असेल तर झिंक (गंजापासून वाचवायला तळाला लावलेला जस्ताचा तुकडा) आणि बोट ढकलणाऱ्या पंख्याचा शाफ्ट खाल्ला जातो.

जुलैच्या शेवटी सगळं परत बसवलं की स्टेप २ आणि स्टेप ४ चे आकडे पुन्हा घ्या. आमच्या केबिनच्या दाराच्या आतल्या फळीवर रंगाने लिहिलेले आहेत: शांत १२.७, चालू १४.२, प्लस ०.१, मायनस ०.१, खाली तारीख. दर महिन्याला खलाशांपैकी कोणीतरी मीटर लावतो आणि खडूने बाजूला नवीन आकडा लिहितो. गेल्या फेब्रुवारीत मायनस ०.३ दिसला, लग उघडला तर बोल्ट सैल झाला होता, पाना लावून आवळला आणि त्याच संध्याकाळी जाळं घेऊन गेलो.